अकरा दिवसांची गैरहजेरी

शिरूर अनंतपाळच्या बसस्थानकामागच्या गल्लीत विरूपाक्षअप्पा राहतात. एकटेच. वय बाहत्तर, दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढलेले, गुडघे कुरकुरणारे, कपाळावर विभूती आणि सदऱ्याच्या खिशात दोन पेनं, एक निळं अन् एक लाल. लाल पेन कशाला, असं विचारलंत की संपलंच. मग रेकॉर्ड रूमचा अख्खा कायदा ऐकावा लागतो आणि वर त्यांच्या हातचा बिनसाखरेचा चहाही प्यावा लागतो.

नांदेड जिल्ह्यातल्या एका तहसीलमध्ये ते रेकॉर्डकीपर होते. कुठल्या ते मी सांगत नाही, माणसं अजून हयात आहेत. सरकारी कागदाला चार वर्ग. अ वर्ग म्हणजे कायमचा, लाल कापडात बांधायचा, जग बुडालं तरी ठेवायचा. ब वर्ग तीस वर्षं, क वर्ग दहा, आणि ड म्हणजे वर्षभर सांभाळून फाडून टाकायचा. हा हिशेब अप्पांच्या अंगात इतका मुरला होता की घरातल्या लोणच्याच्या बरण्यासुद्धा ते वर्गवारीनं लावायचे, आणि कमलम्मा, म्हणजे त्यांची बायको, कपाळाला हात लावून बघत राहायची.

त्यांचा स्वतःचाही एक नियम होता, तो कुठल्या परिपत्रकात नव्हता. नष्ट करायच्या प्रत्येक कागदाची यादी ते स्वतःच्या हातानं करायचे. अनुक्रमांक, नाव, तारीख, शेरा. यादी झाल्याशिवाय चिटोरं फाडायचं नाही. बाकीचे कारकून हसायचे. पण हा नियम हौसेनं आलेला नव्हता, तो एका चुकीनंतर आला होता.

दोन हजार तीन साली रेकॉर्ड रूममधून एक मुन्तखब गायब झालं. मुन्तखब म्हणजे निजामाच्या काळातला, इनाम जमिनीचा उर्दूतला मूळ कागद. अ वर्गातला अ वर्ग. कोर्टात त्याची मागणी आली आणि लाल कापड सोडून बघतात तर आत नाही. सगळे गठ्ठे उलथेपालथे केले, नाहीच. त्याच्या आदल्या महिन्यात क वर्गाचे तीन गठ्ठे नष्ट केले होते. अप्पांनी रात्रंदिवस डोकं खाजवलं आणि शेवटी स्वतःच ठरवलं की आपल्याच हातून ते त्या गठ्ठ्यात गेलं असणार. चौकशीत तसं लिहूनही दिलं. एक वेतनवाढ बंद झाली आणि बदली माहूरला.

माहूरला देवीला जाणारी माणसं आनंदानं जातात. अप्पा तीन वर्षं प्रसादाच्या दुकानामागच्या एका खोलीत नारळांच्या शेंड्यांचा वास घेत राहिले. कमलम्मा इकडं शिरूरला, त्यांच्या अंथरुणाला खिळलेल्या आईपाशी. महिन्यातून एकदा घरी यायचं तर सगळा दिवस एसटीत जायचा. तीन वर्षांनी परत आले तेव्हा आई गेलेली होती आणि कमलम्माला एकटीनं जेवायची सवय लागली होती. ती सवय पुढं मोडली नाही. नवऱ्याला वाढायची, आणि त्याचं झालं की आपलं ताट घेऊन चुलीपाशी पाठमोरी बसायची. अप्पा म्हणायचे, ये की गं, बस. ती म्हणायची, तुमचं होऊ द्या. सहा वर्षांपूर्वी ती गेली. आता अप्पा एक वाटी तांदूळ लावतात आणि ज्या जागेवर ती बसायची तिथंच बसून जेवतात. ती जागा अशी का निवडली असेल, हे त्यांना अजून कळलेलं नाही.

मुलगी शिवानी हैदराबादला बँकेत. रविवारी फोन करते, अप्पा, इकडं या म्हणते. अप्पा येतो म्हणतात आणि जात नाहीत. एवढं सगळं धरून बसलेल्या माणसाचा दिवस उजाडायचा तो मात्र दहा वाजता, महेबूबमुळं.

महेबूब हा त्याच तहसीलमधला उर्दू वाचणारा कारकून. जुन्या मिसली, सनदा, असल्या सगळ्या उर्दू फायली त्याच्याकडं. तो नांदेडहून रोज ये-जा करायचा आणि त्याची गाडी कधी वेळेवर आली तर ती बातमी व्हायची. दहा वाजले की हेडक्लार्क हजेरीपट उचलून आत न्यायचा. म्हणून अप्पा आधी स्वतःची सही करायचे आणि मग इकडंतिकडं बघून महेबूबची मारायचे. त्याची सही उर्दूत, उजवीकडून डावीकडं, शेवटी एक झोकदार फाटा. अप्पांना उर्दूचं एक अक्षर येत नव्हतं, पण ती सही यायची, आणि ती इतकी हुबेहूब की एकदा खुद्द महेबूबनंच विचारलं, ही माझी कुठली आणि तुझी कुठली.

चार वर्षांपूर्वी महेबूबला लकवा मारला. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं आणि वाचा गेली ती परत आली नाही. ज्या माणसाच्या गप्पांसाठी साहेब लोक जेवणाची सुट्टी लांबवायचे, त्या माणसाची वाचा गेली. अप्पा भेटायला निघाले तर त्याच्या बायकोचा, हाजराबीचा फोन आला. हे म्हणतात, म्हणजे खुणेनं म्हणतात, की विरूपाक्षला येऊ देऊ नको, त्यानं मला असं बघायला नको. अप्पांनी ऐकलं. मग शिवानीनं आपला जुना लॅपटॉप आणून दिला, तिकडं महेबूबच्या मुलानं, रिजवाननं, टॅब्लेट जोडून दिला, आणि दोघा म्हाताऱ्यांचा हजेरीपट पुन्हा सुरू झाला. सकाळी दहाला अप्पा लिहायचे, हजर. दोन-चार मिनिटांत पलीकडून डाव्या हाताचा महेबूब लिहायचा, हजर. कधी पुढं एखादी ओळ असायची, हाजराबीनं आज खिचडा केला, असली. बहुतेकदा तेवढंच. पण तेवढ्यावर अप्पांचा दिवस जायचा, हे मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं आहे.

आता मुद्द्यावर येतो.

एका गुरुवारी लॅपटॉपनं सांगितलं की जागा संपत आली. लाल पट्टी दाखवली. आता रेकॉर्डकीपरला कुणी सांगितलं की रॅक भरलाय, तर तो काय करणार? अप्पांनी आंघोळ-पूजा उरकली, हजेरी लावली, चष्मा पुसला आणि लॅपटॉपच्या पोटात शिरले. एकेक फोल्डर उघडत ते अशा जागी पोचले की तिथं शेकड्यांनी फायली, नावं म्हणजे नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी, आणि तारखा दोन हजार बारा, दोन हजार तेरा. कुणी उघडलेल्या नाहीत, कुणाला लागत नाहीत, आणि दहा वर्षं कधीच उलटून गेलेली. म्हणजे सरळसरळ क वर्ग, मुदत संपलेला! अप्पांना एवढा आनंद कित्येक दिवसांत झाला नव्हता. दोनशे पानी वही काढली, रेघा मारल्या, एकेचाळीस फायलींची यादी केली. अनुक्रमांक, नाव, तारीख, शेरा. प्रत्येक अक्षर तपासून. मग त्या एका नव्या फोल्डरात नेऊन ठेवल्या. लॅपटॉप मधेमधे विचारत होता, खरंच हलवायची का? अप्पा हो म्हणत गेले. काहींना त्यानं साफ नकार दिला, त्या त्यांनी सोडल्या, वरिष्ठांचा मान राखावा तशा. संध्याकाळी लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला, ते फोल्डर कायमचं उडवलं, वहीत लाल पेनानं ‘नष्ट केले’ असं लिहून सही केली.

शुक्रवारी दहाला बसले तर कोपऱ्यातलं वायफायचं चिन्ह नाही. त्याच्या जागी फुली. नेट शेजारच्या शिवकांताबाईंच्या घरातल्या डब्यावरून यायचं, म्हणून आधी तिकडं विचारलं. त्यांचं तर छान चालू होतं, बाई मालिका बघत होत्या. अप्पांनी लॅपटॉप बंद-चालू केला. पुसला. खिडकीत नेला. दहा वाजून गेले, अकरा वाजले, आणि चार वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या नावापुढं काही लागलं नाही.

त्यांच्याकडं बटणांचा फोन होता, त्यावरून त्यांनी रिजवानला फोन लावला. तो हैदराबादच्या रस्त्यावर गाडी चालवत होता. सांगतो अब्बाला, म्हणाला. अप्पांना बरं वाटलं. पुन्हा फोन केला नाही. माणूस कामात असतो, आपण किती वेळा टुमणं लावायचं. शिवानीला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, बघा, म्हणून म्हणते इकडं या.

पहिले चार दिवस त्यांनी घरीच झटापट केली. पाचव्या दिवशी लातूरला एका दुकानात गेले. तिथल्या माणसानं लॅपटॉप उघडून नीट बघितलंही नाही. फॉरमॅट मारावा लागेल, म्हणाला. म्हणजे काय, तर सगळं पुसून नव्यानं. सगळं म्हणजे सगळं? हाव, सगळं. अप्पांनी लॅपटॉप त्याच्या हातातून काढून घेतला आणि आलेल्या गाडीनं परत आले. त्यात कमलम्माचे सात फोटो होते. पण खरं सांगायचं तर फोटोंपेक्षा तो शब्दच त्यांना नको होता. बिनयादीचं नष्ट करणं त्यांना या जन्मात जमणार नव्हतं.

पुढचे दिवस वाईट गेले. दहा वाजले की अप्पा सवयीनं खुर्चीवर जाऊन बसायचे, फुलीकडं बघायचे आणि उठायचे. मग दुपारपर्यंत करायला काही नसायचं. दुपारनंतरही नसायचंच, पण ते आधी जाणवत नव्हतं. एकदा तर त्यांनी कुकरला सांगितलं, तू तरी हजेरी लाव बाबा. आणि स्वतःचाच आवाज ऐकून त्यांना भडभडून आलं. दोन दिवसांत कुणाशी एक शब्द बोललो नाही, हे त्यांना तेव्हा कळलं.

दहाव्या दिवशी त्यांना सबिहा आठवली. सरकारी नोकरांना एमएससीआयटी पास व्हायची सक्ती झाली, तेव्हा अप्पा सुट्टी काढून अहमदपूरला क्लासला जायचे. तिथं शिकवायला ही बाविशीची पोरगी. पन्नाशीतल्या माणसाला माऊस धरायला शिकवताना एकदाही हसली नव्हती. आता चाळिशी ओलांडलेली सबिहा राहत्या घराच्या पुढच्या खोलीत लॅपटॉप दुरुस्त करते. अप्पांनी लॅपटॉप लाल कापडात बांधला, वर वही ठेवली, मधे एक गाडी बदलली आणि बाराव्या दिवशी सकाळी तिच्या दारात उभे राहिले.

तिनं ओळखलं. अप्पा, या, बसा, म्हणाली, पंखा लावला, पाणी दिलं. लॅपटॉप उघडून दहा मिनिटं शांतपणे बघितला. मग ज्या आवाजात ती सगळ्यांना विचारते त्याच आवाजात, उत्तराची काही आशा न ठेवता, तिनं विचारलं, की काही फायली उडवलेल्या दिसतात, कुठल्या ते आठवत असेल का?

अप्पांनी वही पुढं सरकवली.

सबिहा वही बघत राहिली. एकेचाळीस ओळी, ठिपका न् ठिपका जागेवर, तारखेसकट. तिनं पानावरून बोट फिरवत नेलं आणि सत्ताविसाव्या ओळीवर थांबवलं. ही वायफायची फाईल, म्हणाली. लॅपटॉपातलं यंत्र हवेतून नेट पकडतं, ते कसं पकडायचं हे या फाईलमध्ये लिहिलेलं. तुम्ही कधी उघडणार न्हाई, पण लॅपटॉप रोज तीच वाचून कामाला लागतो.

“जुनी होती,” अप्पा म्हणाले. “बारा वर्षांची. कुणी काढत नव्हतं तिला.”

“अप्पा, जुनी म्हणून पडून होती असं न्हाई. सगळं तिच्यावरच चालू होतं.”

तिनं ती फाईल, तिला ड्रायव्हर म्हणतात, शोधून पेन ड्राइव्हवरून टाकली, यादीतल्या आणखी तीन फायली परत बसवल्या, बाकीच्या गेल्या तर गेल्या म्हणाली. लॅपटॉप पुन्हा चालू झाला. फुली गेली. तिनं आपल्या घरचं नेट जोडून दिलं आणि त्याच क्षणी पडद्याच्या कोपऱ्यात महेबूबच्या नावाचे निरोप एकामागून एक पडायला लागले. अप्पांनी झाकण लावून टाकलं. इथं नको, घरी वाचतो, म्हणाले. सबिहानं पैसे घेतले नाहीत. एवढी नीट वही आजवर कुणी आणली न्हाई, म्हणाली.

येताना गाडीत अप्पा लाल गाठोडं मांडीवर घेऊन बसले होते आणि मनातल्या मनात उत्तरं जुळवत होते. लेट मार्कची थट्टा, सत्ताविसाव्या ओळीची गंमत, सबिहाची चौकशी. चार वर्षांत एवढं लिहायला पहिल्यांदाच मिळालं होतं. साडेतीनला घरी पोचले, हातपाय धुतले, खुर्चीवर बसले आणि झाकण उघडलं.

पहिल्या दिवशी, हजर. दुसऱ्या दिवशी, हजर, तुझी सही न्हाई. तिसऱ्या दिवशी, लेट मार्क. चौथ्या दिवशी, तब्येत बरी हाय का. म्हणजे रिजवान विसरला होता. पाचव्या दिवशी, रागावलास का. सहाव्या दिवशीही तेच. सातव्या दिवशी त्यानं लिहिलं होतं, चार वर्षांत एक दिवस चुकला न्हाईस, म्हणजे तुला कळलं. अप्पांना काही उमगेना. ते पुढं वाचत गेले.

आठव्या दिवसाचा निरोप मोठा होता. डाव्या हाताच्या एका बोटानं लिहायला त्याला सगळा दिवस लागला असणार.

“ते मुन्तखब मी घरी नेलं होतं. हापिसात उजेड न्हवता, मराठीत तर्जुमा पुरा करायचा होता. रात्री पाऊस झाला, छत गळलं. सकाळी कागदाचा लगदा. नोकरी जाईल म्हणून भेलो. तू आपलीच चूक म्हणून लिहून दिलंस, तवा मी समोर होतो. गप बसलो.”

नवव्या दिवशी एकच ओळ. माहूरला तू न्हाई, मी जायला पायजे होतं. दहाव्या दिवशी, माफी मागायला तोंड बी न्हाई राहिलं. आणि अकराव्या दिवशी काही नाही. आजही काही नाही. हजरसुद्धा नाही.

बावीस वर्षं अप्पा स्वतःला नालायक समजत आले होते. त्या चुकीपायी हातानं याद्या करत आले होते. कमलम्मा विचारायची, तुमच्याच हातून झालं का हो नक्की? आणि ते म्हणायचे, माझ्याच. ती तेच मनात धरून गेली. त्यांना महेबूबचा संताप आला. वेतनवाढ गेली तर जाऊ दे. पण ती चुलीकडं तोंड करून बसलेली पाठ! ती कुणी भरून द्यायची? त्यांचा हात महेबूबच्या नावावर गेला. एक कळ दाबली की नाव, निरोप, चार वर्षं, सगळं उडतं, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी ती दाबली. लॅपटॉपनं विचारलंच, खरंच काढायचं का?

अप्पांनी वही उघडली. नवं पान, रेघा. अनुक्रमांक एक. नाव, महेबूब. तारीख. आणि शेऱ्याच्या रकान्यापाशी लाल पेन थांबलं. हे काढलं तर उद्या दहाला आपण कुणासमोर हजर व्हायचं? गावात कुणी विचारत नाही, घरात कुणी नाही. या एका माणसानं गुन्हा केला होता आणि हाच एक माणूस रोज सकाळी आपण जिवंत असल्याची नोंद घेत होता. अप्पांना रडू आलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि मनसोक्त रडून घेतलं, बघायला होतं कोण. मग शेऱ्यात त्यांनी लिहिलं, ‘अ वर्ग. कायम.’ आणि लॅपटॉपला नाही म्हणून सांगितलं.

मग दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत, लिहायला बसले.

“लॅपटॉप बिघडला होता. मला काही माहीत न्हवतं, आज तुझ्याच लिहिण्यातनं कळलं. महेबूब, लई राग आलाय. ती तीन वर्षं माझी एकट्याची न्हवती, कमलम्माची होती, आन् ती आता न्हाई. हा राग लिहून भागायचा न्हाई. येत्या शुक्रवारी मी तिकडं येणार हाय. तोंड वाकडं हाय म्हणून आडवू नको, मी तुला शिव्या द्यायला येतोय.”

पाठवलं. थोडा वेळ वाट पाहिली. पलीकडं हालचाल नव्हती. हजेरीपटाची आजची ओळ दोघांचीही कोरी होती.

अप्पांनी खाली लिहिलं, विरूपाक्ष, हजर. मग एकदा मागं वळून बघितलं, जुन्या सवयीनं, कुणी बघत तर नाही ना म्हणून. आणि त्याच्या खालच्या ओळीत लिहिलं, महेबूब, हजर.

घड्याळात पाच वाजत आले होते. लेट मार्क दोघांनाही लागला होता.